बेसबॉल: शिकवणाऱ्यांनी, खेळणाऱ्यांनी आणि बघणाऱ्यांनी काय वाचावं, काय बघावं?

सहा_चार_तीन

नमस्कार मंडळी,

शालेय स्पर्धांमुळे आपल्याकडे सॉफ्टबॉल आणि बेसबॉल खेळणारी मुलंमुली बऱ्याच जिल्ह्यांत आहेत. पण त्यातल्या बहुतेकांनी बेसबॉलचा एक अख्खा सामना कधी पाहिलेला नसतो. क्रिकेटचं तसं नाही. बॅट हातात धरायच्या आधीच पोराचे कितीतरी सामने बघून झालेले असतात, त्यामुळे धाव कुठे आहे आणि कुठे नाही हे त्याला कोणी शिकवावं लागत नाही. आमच्या मैदानावर नियम लवकर कळतात, थ्रो हळूहळू सुधारतो, पण पहिल्या बेसवर (रनरने गाठायच्या टप्प्यांपैकी पहिल्यावर) रनर असताना शॉर्टस्टॉपकडे (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या फील्डरकडे) जमिनीवरून बॉल आला की काय करायचं, हे दर वेळी ओरडून सांगावं लागतं. कारण ते दृश्य मुलांच्या डोळ्यांत बसलेलंच नसतं.

मी शाळेत दोन्ही खेळ शिकवते. वाचणं आणि बघणं हा सरावाचाच भाग आहे, असं माझं ठाम मत झालं आहे. म्हणून हा धागा. माझ्याकडचं आधी सांगते, मग तुम्ही भर घाला.

सुरुवात बॅटिंगपासून करत नाही, हातापासून करते. शिकवणाऱ्या प्रत्येकाने जेफ पॅसन यांचं 'द आर्म' (२०१६) वाचावं. कोपराच्या आतल्या बाजूचा एक लहानसा लिगामेंट (हाडं जोडणारा पट्टा) पिचिंगचा, म्हणजे बॅटरकडे बॉल टाकण्याचा, ताण सोसतो आणि तोच फाटतो. १९७४ साली डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या डावखुऱ्या पिचरच्या उजव्या हातातला टेंडन (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) काढून डाव्या कोपरात बसवला. जॉन १९७६ मध्ये परत आला आणि १९८९ पर्यंत खेळला. त्याच्या २८८ विजयांपैकी १६४ या शस्त्रक्रियेनंतरचे आहेत. ही गोष्ट चमत्कार म्हणून सांगितली जाते. पॅसन मात्र पुढचा प्रश्न विचारतात: मग आता शाळकरी मुलांवर ही शस्त्रक्रिया का करावी लागते? डॅनियल हडसन आणि टॉड कॉफी या दोन पिचरांच्या मागे ते शस्त्रक्रियेपासून पुनरागमनापर्यंत राहिले. ती पानं वाचल्यावर लहान मुलाला 'अजून एक इनिंग टाक' म्हणताना तुमची जीभ अडखळेल.

याच्याच जोडीला 'पिच स्मार्ट' हा तक्ता ठेवा. मेजर लीग बेसबॉल (अमेरिकेतली सर्वोच्च व्यावसायिक लीग) आणि यूएसए बेसबॉल यांनी २०१४ मध्ये तो आणला, इंटरनेटवर मोफत आहे. एका दिवसात जास्तीत जास्त पिच अशा: ७-८ वर्षांना ५०, ९-१० ला ७५, ११-१२ ला ८५, १३-१४ ला ९५. आणि विश्रांती: १४ वर्षांपर्यंतच्या मुलाने २१ ते ३५ पिच टाकल्या तर एक दिवस, ३६ ते ५० ला दोन, ५१ ते ६५ ला तीन, ६६ किंवा जास्त टाकल्या तर चार दिवस. १२ वर्षांपर्यंत कर्व्हबॉल, स्लायडर (वळणारे बॉल) नको. फास्टबॉल आणि चेंजअप (फास्टबॉलसारखाच दिसणारा पण संथ बॉल) पुरे. हे माझ्या वहीच्या पहिल्या पानावर चिकटवलेलं आहे.

बॅटिंगसाठी टेड विल्यम्सचं 'द सायन्स ऑफ हिटिंग'. छोटं पुस्तक आहे, चित्रं भरपूर, इंग्रजी सोपं. विल्यम्सने १९४१ मध्ये .४०६ ची सरासरी काढली, म्हणजे हजारात ४०६ हिट (बॉल मारून सुखरूप बेसवर पोचणं). त्यानंतर अमेरिकन किंवा नॅशनल लीगमध्ये (मेजर लीगच्या या दोन शाखा) .४०० कोणालाही गाठता आलेलं नाही. पुस्तकातलं एक चित्र पुरेसं आहे: स्ट्राइक झोन (होम प्लेट या जमिनीवरच्या पाटीच्या वरची, गुडघ्यापासून छातीपर्यंतची जागा; तिथून गेलेला बॉल सोडला तरी स्ट्राइक, आणि तीन स्ट्राइकला बॅटर आउट) ७७ बॉलनी भरलेला, रुंदीला सात आणि उंचीला अकरा, आणि प्रत्येक बॉलवर त्या जागी आपली सरासरी किती राहील याचा विल्यम्सचा अंदाज. मधोमध .४००. खाली, बाहेरच्या कोपऱ्यात .२३०. तोच बॅटर, तीच बॅट! त्याचा पहिला नियम त्यातूनच येतो: मारण्याजोगा बॉल मिळेपर्यंत थांबा.

हे मुलांपर्यंत पोचवायला मी असं करते. होम प्लेटच्या मागे, जाळीच्या पुढे दोन बांबू रोवायचे. गुडघ्याच्या आणि छातीच्या उंचीवर सुतळी ताणायची, मध्ये आडव्या-उभ्या सुतळ्या बांधून नऊ खण करायचे. कॅचर नाही. बॅटर हेल्मेट घालून उभा राहतो, बॅट खांद्यावरच ठेवतो. पिच आली की फिरवायची नाही, बॉल कुठल्या खणातून गेला तो आकडा मोठ्याने सांगायचा. जाळीमागची मुलं खरा खण सांगतात. सुरुवातीला सगळे बाहेरच्या बॉलला 'आत' म्हणतात. मग हळूहळू ओरडणं लवकर यायला लागतं, बॉल प्लेटवर पोचायच्या आधीच. तेव्हा बॅट फिरवायला द्यायची.

मनाच्या तयारीसाठी हार्वी डॉर्फमन आणि कार्ल क्यूल यांचं 'द मेंटल गेम ऑफ बेसबॉल' (१९८९). जाडजूड आहे, सलग वाचायची गरज नाही. दोन पिचच्या मध्ये काय करायचं एवढ्यासाठी वाचलं तरी वसूल.

आता बघण्यासारखं काय काय, ते सांगा. डॉक्युमेंटरी, सिनेमे, जुने सामने, काहीही.

केदार_एनजे

ताई, फार गरजेचा धागा. मुलगा इथे न्यूजर्सीत लिटल लीगमध्ये (लहान मुलांच्या लीगमध्ये) खेळतो. लिटल लीगने २००७ पासूनच इनिंगऐवजी पिच मोजायला सुरुवात केली. प्रत्येक सामन्यात कोणीतरी पालक हातात क्लिकर घेऊन बसलेला असतो आणि आकडा भरला की पिचर बदलावाच लागतो, मग सामना कितीही रंगात आलेला असो.

बघायला शिकायचं असेल तर माझा एकच आग्रह: स्कोअर लिहा. पॉल डिक्सन यांचं 'द जॉय ऑफ कीपिंग स्कोर' (१९९६) मिळालं तर उत्तम, नाही तर साधी चौकटीची वही चालते. प्रत्येक जागेला आकडा असतो: पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप ६, आणि आउटफिल्ड डावीकडून ७, ८, ९. ताईंच्या आयडीचा उलगडा झाला का मंडळी? शॉर्टस्टॉपने उचलला, दुसऱ्या बेसवर दिला, तिथून पहिल्यावर, आणि एका फटक्यात दोन आउट. ६-४-३ डबल प्ले. स्ट्राइकआउटला (तीन स्ट्राइकवर आउट) के लिहितात, बॅट न फिरवता उभ्या उभ्या आउट झाला तर उलटा के. वही भरायला लागलं की एकही पिच सुटत नाही.

बेसबॉलचा बॉक्स स्कोर (सामन्याचा आकड्यांतला गोषवारा) रुळवण्यात मोठा वाटा हेन्री चॅडविकचा. हा माणूस इंग्लंडमध्ये जन्मलेला आणि न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांसाठी क्रिकेटच्या बातम्या देणारा होता. आपल्या स्कोअरकार्डाचं आणि यांच्या स्कोअरकार्डाचं नातं तिथलं आहे.

डॉक्युमेंटरी एकच सांगायची तर केन बर्न्सची 'बेसबॉल' (१९९४). नऊ भाग आहेत, त्यांना इनिंगच म्हटलंय, मिळून १८ तासांहून जास्त. सगळी जमणार नसेल तर पाचवी आणि सहावी बघा. काळ्या खेळाडूंना मेजर लीगची दारं बंद होती तेव्हा त्यांनी आपल्या लीग कशा चालवल्या, आणि १५ एप्रिल १९४७ ला जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात कसा उतरला, हे सगळं त्यात येतं. बक ओनील या जुन्या खेळाडूला बोलताना ऐकणं हा तर मोठाच आनंद आहे. त्यानंतर मुलांना '४२' (२०१३) दाखवा, चॅडविक बोझमनचा. विरोधी संघाचा मॅनेजर रॉबिन्सनला शिव्या देत राहतो तो प्रसंग मुलांसोबत बघणं अवघड जातं, पण तो गाळू नका. आजही दर १५ एप्रिलला सगळ्या संघांतले सगळे खेळाडू रॉबिन्सनचा ४२ नंबर घालतात. का, हे मुलांना कळायला हवं.

मृण्मयी_वाचते

मला बेसबॉलचे नियम आजही अर्धेमुर्धेच येतात, पण बेसबॉलवरचं लेखन मी आवडीने वाचते. खेळावर इतकं चांगलं गद्य फार कमी लिहिलं गेलंय. क्रिकेटची आवड असलेल्या कोणालाही हे वाचताना परकं वाटणार नाही.

पहिली शिफारस जॉन अपडाइक यांच्या लेखाची, 'हब फॅन्स बिड किड अड्यू'. २८ सप्टेंबर १९६०, बोस्टनचं फेनवे पार्क, वर ज्यांचं पुस्तक आलं त्या टेड विल्यम्सचा घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना. शेवटच्या वेळी बॅटिंगला येऊन तो होम रन (आपल्या षटकारासारखा सीमेपार फटका) मारतो. लोक उभे राहून त्याला बाहेर बोलवत राहतात, तो डगआउटमधून (संघाच्या बसायच्या जागेतून) बाहेर येत नाही, टोपी काढत नाही. अपडाइक त्याला दोष देत नाहीत आणि समर्थनही करत नाहीत. मी हा लेख वाचला तेव्हा विल्यम्स कोण हे मला ठाऊक नव्हतं. तरी डोळे भरून आले.

दुसरं लॉरेन्स रिटर यांचं 'द ग्लोरी ऑफ देअर टाइम्स' (१९६६). अर्थशास्त्राचा प्राध्यापक टेप रेकॉर्डर घेऊन देशभर फिरतो आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खेळलेल्या म्हाताऱ्या खेळाडूंना बोलतं करतो. पुस्तकात लेखक जवळजवळ दिसतच नाही, ती माणसंच बोलतात. आपल्याकडे जुन्या खो-खो आणि कबड्डीपटूंना असं कोणी बोलतं करावं, असं मनापासून वाटतं.

रॉजर कान यांचं 'द बॉइज ऑफ समर' (१९७२) त्याच रॉबिन्सनच्या डॉजर्स संघावर. पूर्वार्धात संघ तरुण आहे. उत्तरार्धात कान एकेका खेळाडूला त्याच्या घरी जाऊन भेटतात, तेव्हा कोणी आजारी आहे, कोणी व्हीलचेअरवर. उत्तरार्धासाठी वाचा.

आकडेबहाद्दर

'मनीबॉल' अजून कोणी कसं लिहिलं नाही? मायकेल लुइस यांचं पुस्तक २००३ चं, ब्रॅड पिटचा सिनेमा २०११ चा. दोन्ही घ्या, पण आधी पुस्तक.

मुद्दा असा की ओकलंड ए'ज या संघाकडे २००२ मध्ये पगारासाठी सुमारे ४ कोटी डॉलर होते, यांकीजकडे त्याच्या तिप्पट. मग ए'जचे जनरल मॅनेजर बिली बीन यांनी बाजारात स्वस्त मिळणारे गुण विकत घेतले. त्यातला मुख्य ऑन-बेस पर्सेंटेज. बॅटर हिट मारून बेसवर गेला, की स्ट्राइक झोनबाहेरचे चार बॉल सोडून चालत गेला, की अंगावर बॉल खाऊन गेला, याने फरक पडत नाही. तो आउट झाला नाही, हे महत्त्वाचं. बेसबॉलमध्ये संघाकडे २७ आउट (नऊ इनिंग, प्रत्येकीत तीन) असतात, तेच त्याचं भांडवल. त्या वर्षी ए'जने सलग २० सामने आणि मोसमात १०३ सामने जिंकले. विसावा विजय स्कॉट हॅटेबर्गच्या होम रनने मिळाला. सिनेमात तो प्रसंग अप्रतिम जमलाय.

पण सिनेमा बघून 'टाकून दिलेल्या खेळाडूंनी सगळं केलं' असं वाटतं, ते बरोबर नाही. त्याच संघात टिम हडसन, मार्क मल्डर आणि बॅरी झीटो असे तीन जबरदस्त पिचर होते. झीटोला त्या वर्षी साय यंग हा सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार मिळाला, मिगेल तेहादा अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. सिनेमात यांना जवळजवळ जागाच नाही. आणि प्लेऑफमध्ये ए'ज मिनेसोटाकडून पहिल्याच फेरीत हरले.

या विचाराचं मूळ बिल जेम्स. कॅन्ससमधल्या एका डबाबंद खाद्यपदार्थांच्या कारखान्यात रात्रपाळीचा पहारा करता करता हा माणूस आकडे मांडत बसायचा आणि १९७७ पासून स्वतःच छापून विकायचा. त्याचे जुने 'बेसबॉल अ‍ॅबस्ट्रॅक्ट' मिळाले तर सोडू नका. आकडे तर आहेतच, पण तो लिहितोही फार छान. पुढचा टप्पा वाचायचा असेल तर बेन लिंडबर्ग आणि ट्रॅव्हिस सॉचिक यांचं 'द एमव्हीपी मशीन' (२०१९). 'मनीबॉल' चांगला खेळाडू शोधण्याबद्दल आहे, हे चांगला खेळाडू घडवण्याबद्दल. हाय-स्पीड कॅमेरे, बॉलच्या फिरकीचं मोजमाप, वजनदार बॉलचा सराव, सगळं आहे.

सहा_चार_तीन

@आकडेबहाद्दर, 'आउट हेच भांडवल' हे मी उद्याच मैदानावर वापरणार. वजनदार बॉलच्या सरावाबद्दल मात्र शाळेतल्या शिक्षकांना विनंती: पुस्तकात वाचून तो मुलांवर करू नका. ती मोठ्या, मोजमापाखाली असलेल्या खेळाडूंची गोष्ट आहे.

माजी_कॅचर

मॅडम, धागा चांगला आहे, पण पिच मोजण्याचं एवढं स्तोम मला पटत नाही. आम्ही अमरावतीला उन्हाळी शिबिरात सकाळ-संध्याकाळ थ्रो करायचो. हात त्यानेच तयार झाला. आताची मुलं मुळातच कमी टाकतात, त्यात आपण आणखी मर्यादा घालायच्या?

बघण्याबद्दल सांगतो. टीव्हीवर सगळे बॉलकडे बघतात. तुम्ही कॅचरकडे बघा. पिच यायच्या आधी त्याचा ग्लोव्ह कुठे आहे आणि बॉल शेवटी कुठे पकडला, यातलं अंतर बघा. अंतर वाढायला लागलं की पिचर दमला. आवाज बंद करून दोन इनिंग असं बघितलं की समालोचकाच्या आधी तुम्हाला कळेल की आता बदल होणार. सिनेमा विचाराल तर 'बुल डरहॅम' (१९८८). दिग्दर्शक रॉन शेल्टन स्वतः मायनर लीगमध्ये (मेजर लीगच्या खालच्या पातळीवर) खेळलेले, म्हणून त्यातली मैदानावरची बोलणी खरी वाटतात. अनुभवी कॅचर कच्च्या पण वेगवान पिचरला कसा घडवतो, ही गोष्ट आहे. सिनेमा मोठ्यांचा आहे, शाळेत लावू नका.

फिजिओ_नागपूर

दादा, तुमचा हात टिकला याचा आनंद आहे, पण ज्यांचे टिकले नाहीत ती मुलं खेळ सोडून गेली, ती आज इथे लिहायला नाहीत. वाढत्या वयात हाडांची टोकं अजून कूर्चेची असतात, लिगामेंटच्या आधी तीच दुखावतात. मूल 'कोपर दुखतंय' म्हणालं की ते टाळाटाळ करतंय असं कृपा करून समजू नका. आणि दिवसभर थ्रो करणं वेगळं, पूर्ण जोर लावून पिच टाकणं वेगळं. हलके थ्रो जरूर करा. तक्ता पिचसाठी आहे.

माझी शिफारस डेव्हिड एपस्टीन यांचं 'द स्पोर्ट्स जीन' (२०१३), निदान पहिलं प्रकरण. सॉफ्टबॉल खेळणाऱ्या प्रत्येक मुलीला ते वाचून दाखवावं. २००४ मध्ये एका प्रदर्शनीय सामन्यात जेनी फिंच ही सॉफ्टबॉलची पिचर मेजर लीगच्या बॅटरांसमोर उभी राहिली आणि अल्बर्ट पुहोल्स, माइक पियाझा, ब्रायन जाइल्स या तिघांना तिने स्ट्राइकआउट केलं. वेगाचं कारण नव्हतं. सॉफ्टबॉलची पिच हात खालून फिरवून, ४३ फुटांवरून येते आणि बेसबॉलची साठ फूट सहा इंचांवरून, त्यामुळे बॅटरला मिळणारा वेळ जवळपास सारखाच पडतो. मग हे दिग्गज चुकले का? कारण एवढ्या कमी वेळात बॉल बघून बॅट फिरवणं कोणाही माणसाला शक्य नसतं. बॅटर पिचरचा खांदा, हात, मनगट बघून बॉल कुठे येणार ते आधीच ओळखतो, आणि ही ओळख हजारो पिच बघूनच तयार होते. खालून येणाऱ्या हाताची ओळख पुहोल्सच्या डोळ्यांना नव्हती.

ताई, तुमचा सुतळीचा सराव नेमकं हेच करतोय. मूल प्लेटच्या आधी आकडा ओरडायला लागलं, म्हणजे ते पिचरचा हात वाचायला लागलं.

सायलीची_आई

वाचूनच अंगावर काटा आला. माझी मुलगी सॉफ्टबॉलची पिचर आहे, तिला आत्ताच हे वाचून दाखवलं. मुलींसाठी अजून काही आहे का? तिला सगळीकडे मुलगेच दिसतात.

केदार_एनजे

@सायलीची_आई, 'अ लीग ऑफ देअर ओन' (१९९२) नक्की. दुसऱ्या महायुद्धात पुरुष खेळाडू लढाईवर गेले तेव्हा स्त्रियांची व्यावसायिक लीग निघाली, ती १९४३ ते १९५४ चालली. सिनेमातली माणसं काल्पनिक आहेत, लीग खरी. पेनी मार्शल यांचं दिग्दर्शन. शेवटी जुन्या खेळाडू एकत्र येतात तो भाग आईने आणि मुलीने मिळून बघावा.

आणि मोने डेव्हिसचे व्हिडिओ दाखवा. २०१४ च्या लिटल लीग वर्ल्ड सिरीजमध्ये १३ वर्षांच्या या मुलीने मुलांच्या संघाला एकही रन न देता सामना जिंकून दिला. त्या स्पर्धेत असं करणारी ती पहिली मुलगी. तिची पिचिंगची हालचाल इतकी स्वच्छ आहे की शिकण्यासाठीही बघावी.

कोबेकर

जपानमधून लिहितोय. बेसबॉलवरचं बोलणं अमेरिकेतच संपू नये म्हणून.

कोशिएन हे स्टेडियम १९२४ चं. दर उन्हाळ्यात इथे शालेय संघांची राष्ट्रीय स्पर्धा होते आणि अख्खा देश ती बघतो. एकदा हरलं की बाहेर. हरलेली मुलं जाताना मैदानातली माती पिशवीत भरून घेतात. एमा रायन यामाझाकी यांची 'कोशिएन: जपान्स फील्ड ऑफ ड्रीम्स' ही डॉक्युमेंटरी बघा. सराव, शिस्त, मैदान झाडणं, प्रशिक्षकाचा स्वतःशी चाललेला झगडा, सगळं जवळून दिसतं. आपल्या क्रीडाशिक्षकांना त्यात स्वतःचं बरंच काही सापडेल.

वरच्या वादात मी मॅडमच्या बाजूने. १९९८ च्या कोशिएनमध्ये दाइसुके मात्सुझाकाने १७ इनिंगच्या एका सामन्यात २५० पिच टाकल्या. मग अंतिम सामन्यात एकही हिट दिली नाही. इथे ती दंतकथा आहे. पण त्याच देशात शालेय पिचरांसाठी आठवड्याला ५०० पिचची मर्यादा २०२० मध्ये आणावी लागली, आणि तीही फार सैल आहे असं म्हणणारे इथे बरेच आहेत.

मुलांना गोडी लावायची तर अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी कार्टून. मित्सुरु अदाची यांचं 'टच', आणि थोड्या मोठ्या मुलांसाठी 'एस ऑफ डायमंड'. दुसऱ्यात पिचर-कॅचरची जोडी कशी विचार करते हे इतकं तपशिलात आहे की माजी_कॅचर दादांना नक्की आवडेल.

एकच प्रसंग दाखवायला वेळ असेल तर २०२३ च्या वर्ल्ड बेसबॉल क्लासिकच्या (देशादेशांमधल्या स्पर्धेच्या) अंतिम सामन्याची नववी इनिंग. अमेरिकेविरुद्ध जपान ३-२ ने पुढे. ओहतानी पिचिंगला. पहिला बॅटर चालत बेसवर गेला, मग मुकी बेट्सच्या फटक्यावर डबल प्ले, आणि समोर माइक ट्राउट, ओहतानीचा तेव्हाचा क्लबमधला सहकारी. पूर्ण काउंट, तीन बॉल दोन स्ट्राइक. तोवर शंभर मैलांच्या आसपासचा वेगवान मारा चाललेला, आणि शेवटचा बॉल स्लायडर, प्लेटवरून बाहेर वळणारा. ट्राउटची बॅट हवेत फिरली. प्रत्येक पिचनंतर व्हिडिओ थांबवून मुलांना विचारा: आता तू काय टाकशील? कुठे?

गिरगावकर_०४

इथे एक नाव यायलाच हवं, आर. ए. डिकी. २०१२ मध्ये न्यूयॉर्क मेट्सकडून खेळलेला नकलबॉल पिचर. नकलबॉल म्हणजे नखांनी-बोटांच्या टोकांनी धरून जवळजवळ न फिरवता टाकलेला संथ बॉल, जो हवेत कसाही हलतो. डिकीच्या उजव्या कोपरात तो लिगामेंट मुळातच नाही, ज्याच्यावर वर एवढी चर्चा झाली! तरुणपणी हे कळल्यावर टेक्सास रेंजर्सनी ८ लाख १० हजार डॉलरचा प्रस्ताव मागे घेऊन ७५ हजारांवर आणला. पुढे त्याने नकलबॉल धरला आणि २०१२ मध्ये साय यंग जिंकला. नकलबॉल टाकणाऱ्याला तो पहिल्यांदाच मिळाला.

आणि मुंबईचा संबंध असा: जानेवारी २०१२ मध्ये तो किलिमांजारो चढला, तो देहविक्रयाच्या बाजारातून मुलींना सोडवणाऱ्या मुंबईतल्या 'बॉम्बे टीन चॅलेंज' या संस्थेला निधी मिळावा म्हणून. दुखापत झाली तर वर्षाचा पगार जाईल असा इशारा त्याच्या क्लबने दिला होता, तरी गेला. पुढच्या वर्षी स्वतःच्या मुलींना घेऊन मुंबईतही येऊन गेला. लहानपणी स्वतः अत्याचार सोसलेला हा माणूस आपल्या 'व्हेअरएव्हर आय वाइंड अप' या आत्मकथनात सगळं सांगतो. 'नकलबॉल!' ही २०१२ ची डॉक्युमेंटरीही छान आहे, त्यात डिकी आणि टिम वेकफील्ड हे दोघं नकलबॉल पिचर आहेत.

आकडेबहाद्दर

भारताचा विषय निघालाच आहे तर 'मिलियन डॉलर आर्म' (२०१४). रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, उत्तर प्रदेशातले भालाफेकपटू, एका टीव्ही स्पर्धेतून निवडले गेले आणि २००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सनी त्यांना करारबद्ध केलं. सिनेमा गोड आहे, पण तो एजंटाचा सिनेमा आहे. ही दोन मुलं परक्या देशात, परक्या खेळात नेमकं काय शिकली, ते फार कमी दिसतं. करार झाला की सिनेमा संपतो. खरी परीक्षा त्यानंतरची: रिंकू मायनर लीगमध्ये खेळत राहिला, दुखापतींनी थांबला, आणि पुढे 'वीर महान' नावाने कुस्तीच्या रिंगणात गेला.

केदार_एनजे

त्या 'नंतरच्या' गोष्टीसाठी 'शुगर' (२००८) बघा. माझ्या मते बेसबॉलवरचा सर्वात प्रामाणिक सिनेमा. डॉमिनिकन रिपब्लिकमधला एक तरुण पिचर आयोवातल्या मायनर लीगमध्ये येतो. इंग्रजी येत नाही. हॉटेलात रोज फ्रेंच टोस्टच मागवतो, कारण मागवता येतं ते तेवढंच. एके दिवशी वेट्रेसच्या हे लक्षात येतं आणि ती अंड्यांच्या वेगवेगळ्या प्रकारांची एकेक बशी त्याच्यापुढे मांडून नावं सांगते. देश सोडून आलेल्या कोणालाही हा प्रसंग थेट भिडेल. अशा शेकडो मुलांपैकी मेजर लीगपर्यंत मोजकीच पोचतात, बाकीच्यांचं काय होतं हे सांगणारा सिनेमा आहे.

मृण्मयी_वाचते

'शुगर' आजच शोधते. नियम न येणाऱ्या माझ्यासारख्यांनी पहिला अख्खा सामना कोणता बघावा?

केदार_एनजे

२०१६ च्या वर्ल्ड सिरीजचा (मेजर लीगच्या अंतिम मालिकेचा) सातवा सामना, शिकागो कब्ज विरुद्ध क्लीव्हलंड. कब्ज १९०८ नंतर जिंकलेलेच नव्हते. आठव्या इनिंगमध्ये ६-३ वरून ६-६ झालं, नवव्यानंतर १७ मिनिटं पाऊस, आणि दहाव्यात ८-७. लांबी बघून घाबरू नका. आताचे सामने त्यापेक्षा आटोपशीर आहेत, २०२३ पासून पिच क्लॉक (पिच टाकायचा ठरलेला वेळ मोजणारं घड्याळ) आल्यावर सरासरी तीन तास चार मिनिटांवरून दोन तास चाळीसवर आली.

माजी_कॅचर

नागपूरच्या डॉक्टरांचं वाचून विचार केला. माझ्या बॅचचे दोन पिचर पुढे दिसलेच नाहीत, हे खरं आहे. कारण तेव्हा आम्ही कोणी विचारलं नव्हतं. मॅडम, तक्ता मराठीत करून इथे टाका, मी आमच्या भागातल्या शिक्षकांच्या ग्रुपवर देतो. एक शंका: जिल्हा स्पर्धेत एकाच दिवशी दोन-दोन सामने लागतात. तिथे मोजायचं कसं? संघात पिचर दोनच असतात.

सहा_चार_तीन

दादा, मनापासून आभार. दोन्ही सामने मिळून मोजायचे. मर्यादा दिवसाची आहे, सामन्याची नाही. १३ वर्षांच्या मुलाने सकाळी ६० टाकल्या तर दुपारी तांत्रिकदृष्ट्या ३५ उरतात, पण मी त्याला दुपारी पिचिंगला उतरवत नाही. आणखी एक, पिचिंग केलेल्या मुलाला त्याच दिवशी कॅचर करू नका. कॅचरही प्रत्येक पिच परत फेकत असतो, हे तुमच्याइतकं कोणाला माहीत? 'पिच स्मार्ट'मध्येही हे आहे.

पिचर दोनच असतात त्यावर उपाय म्हणजे शिबिरापासूनच चार-पाच जणांना पिचिंग शिकवणं. तिसरा बेस आणि शॉर्टस्टॉप खेळणाऱ्यांचे हात चांगले असतात, तिथून सुरुवात करा. मराठी तक्ता करून याच धाग्यावर टाकते. छापायच्या आधी फिजिओ_नागपूर यांनी एकदा तपासून द्यावा ही विनंती.

फिजिओ_नागपूर

जरूर. त्यात शेवटी दोन ओळी घाला: 'पिचिंगनंतर कोपर किंवा खांदा दुखत असेल तर त्याच दिवशी शिक्षकांना सांगा. सांगितल्यामुळे संघातली जागा जाणार नाही.'